तांब्याचा ब्लॉक आणि निळे पाणी

"सर, पाणी आपोआप निळं झालं," प्रशांत फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

रंग टाकलास का, असे मी विचारले.

"नाई सर, काहीच नाई टाकलं. तांब्याचा गुण असन. व्हिडिओ पाठवला आहे, बघा तं खरं."

व्हिडिओ मी पाहिला. टेबलावर उघडा कॉम्प्युटर, त्यात बसवलेला तांब्याचा ब्लॉक, ब्लॉकवर पारदर्शक झाकण आणि झाकणाखालून वाहणारे गडद निळे पाणी. पार्श्वभूमीला कसलेसे गाणे लावले होते. तो व्हिडिओ प्रशांतने आपल्या दुकानाच्या नावाने सर्वत्र टाकला होता आणि पुष्कळ लोकांनी त्याखाली कौतुक लिहिले होते. एकाने विचारले होते, हा रंग कोणत्या कंपनीचा आहे.

ब्लॉक मी बनवला होता. तो निळा रंग मला नोकरीतल्या दिवसांपासून माहीत होता. मी प्रशांतला सांगितले की सकाळी गाडी काढायची आणि ते यंत्र जिथे आहे त्या ब्रह्मपुरीला मला न्यायचे. कौतुक करणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे ते परत आल्यावर ठरवू.

मी एका औष्णिक वीज केंद्राच्या वर्कशॉपचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. चंद्रपुरात घरामागे माझी शेड आहे. तिच्यात एक लेथ आहे आणि एक मिलिंग मशीन आहे. लेथवर धातूचा तुकडा फिरतो आणि हत्यार स्थिर राहते. मिलिंगवर हत्यार फिरते आणि तुकडा सरकतो. या दोन वाक्यांत माझा व्यवसाय संपतो. राइस मिलचे शाफ्ट, पंपांचे बुश अशी कामे येतात, ती मी करतो.

प्रशांत वाघमारे याचे शहरात कॉम्प्युटरचे दुकान आहे. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे गेम खेळणारी मंडळी. यंत्राच्या पोटात रंगीत दिवे लावायचे, बाजूला काच बसवायची आणि यंत्र काम काय करते याच्याऐवजी ते कसे दिसते याची चर्चा करायची, असा तो सारा प्रकार आहे. प्रशांतने यापूर्वी दोन-चार वेळा मला तसल्या कामांसाठी विचारले होते. मी नकार दिला होता. ज्या यंत्राला बघत बसण्यासाठी काच लागते, त्याला काम नसते असे माझे मत होते आणि आजही त्यात फारसा बदल नाही.

या वेळी मात्र तो गिऱ्हाइकालाच घेऊन आला. तिचे नाव प्रज्ञा रामटेके. तिशीची, ब्रह्मपुरीची, शेडमधल्या धुळीच्या स्टुलावर न झटकता बसणारी. ती इमारतींचे चित्रपट बनवते. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल, दारातून आत गेल्यावर काय दिसेल, खिडकीतून ऊन कसे येईल, हे सारे कॉम्प्युटरवर उभे करायचे आणि त्याची फिल्म करायची. एकेक चित्र कॉम्प्युटरला हिशेब करून रंगवावे लागते. त्याला रेंडरिंग म्हणतात. अशी हजारो चित्रे जोडली की काही मिनिटांची फिल्म होते. तोवर यंत्रातले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्राचा हिशेब करणारा भाग, तव्यासारखा तापलेला असतो.

आधी ती हैदराबादच्या एका कंपनीत नोकरीला होती. आईला अर्धांगवायू झाला म्हणून परत आली आणि तेच काम घरून करू लागली. मेमध्ये अडचण सुरू झाली.

"अकरा वाजले का मशीन बंद पडते, सर. संध्याकाळपर्यंत हात लावता येत नाई."

एसी लावा, असे मी म्हणालो. दुपारी व्होल्टेज इतके पडते की एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, असे तिने सांगितले. कूलर खोलीत लावला तर त्याच्या ओल्या वाऱ्याने कार्डावर क्षारांचा पांढरा थर बसतो. एक कार्ड तसे गेलेही होते.

"मग आणखी पंखे बसवा."

"पंखे बाहेरचीच हवा फेकतेत, सर. बाहेर पंचेचाळीस आहे."

हे उत्तर बरोबर होते.

काय अडले आहे ते तिने फिरवून न सांगता सांगितले. जंगलाच्या एका गेटजवळ मोठे रिसॉर्ट व्हायचे आहे. त्याची फिल्म महिनाअखेरीस द्यायची. हैदराबादच्या साहेबांचे म्हणणे असे की घरून जमत नसेल तर ऑफिसात येऊन बसा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.

"आईले तिथी नेता येत नाई," ती म्हणाली. "ओळखीचं कोणी नाई, भाषा नाई. अन् तिले इथी टाकून मी जात नाई. काम गेलं तं गेलं. पण मंग खाऊ काय, ते तुम्ही सांगा."

मी काम घेतले.

तयार वॉटर ब्लॉक बाजारात मिळतात, पण गेम खेळण्याच्या प्रसिद्ध कार्डांसाठी. प्रज्ञाचे कार्ड नकाशे आणि इमारतींच्या कामाचे होते, जुने घेतलेले. त्याचा ब्लॉक कोणी बनवत नाही. जगात खेळणाऱ्यांची सोय आधी होते.

वॉटर ब्लॉक म्हणजे तांब्याचा एक चपटा ठोकळा. एक बाजू आरशासारखी सपाट करून तापणाऱ्या चिपवर टेकवायची. दुसऱ्या बाजूला एकमेकींना खेटून बारीक खाचा पाडायच्या, वर झाकण ठेवायचे आणि त्या खाचांतून पाणी खेळवायचे. चिपची उष्णता तांब्यात येते, तांब्यातून पाण्यात जाते, पाणी ती बाहेर रेडिएटरकडे नेते. वीज केंद्रात कंडेन्सर नावाचे एक घराएवढे यंत्र असते, ते हेच काम करते.

तांब्यासाठी मी बसबार वापरली. विजेच्या पॅनेलमध्ये मोठा करंट वाहून नेणारी ती जाड पट्टी शुद्ध तांब्याची असते. शुद्ध तांबे कापायला त्रासदायक असते. ते ओल्या कणकेसारखे हत्याराला चिकटते, आणि कटरची धार किंचितही बोथट असेल तर खाच कापली न जाता फाटते. कागदाएवढा पातळ भासणारा गोल सॉ-कटर, म्हणजे करवतीची चकती, लावून मी एकेक खाच पाडली. खाचेचे तोंड एक मिलिमीटरहून कमी. घाई केली की कटर मोडतो. प्रशांत अधूनमधून येऊन किती झाले ते बघे. त्याच्या दुकानात सारे काही डब्यातून निघते, त्यामुळे एखादी वस्तू तयार व्हायला वेळ लागतो हे त्याला नवीन होते.

झाकणावरून आमचा वाद झाला. मला झाकण धातूचे हवे होते. प्रशांतला अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे.

"पाणी बघून काय करणार?" मी विचारले.

"दिसलं पाहिजे ना सर. पाणी फिरून राह्यलं हे दिसलं पाहिजे. खाली दोन दिवे लावले तं—"

दिवे लागणार नाहीत असे मी सांगितले. मग प्रज्ञा म्हणाली की तिला यंत्र चालल्याशी मतलब, पण पाणी दिसले तर तिची काही हरकत नाही. आईला बघायला बरे वाटेल. मी अ‍ॅक्रिलिक मान्य केले, कारण ते कापायला सोपे असते. दुसरे कारण नव्हते.

रेडिएटर म्हणून प्रशांतने एका मोटारीचा अ‍ॅल्युमिनियमचा, चकचकीत रेडिएटर आणला. मी तो परत पाठवला. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. त्याऐवजी भंगारातून जुन्या जीपचा तांब्या-पितळेचा रेडिएटर घेतला, उघडून आतून साफ करून घेतला. ब्रह्मपुरीच्या घरात तो व्हरांड्यात ठेवायचा आणि कूलरचे तोंड त्याच्यावर करायचे. कूलर कमी व्होल्टेजवरही फिरतो. ओला वारा रेडिएटरला लागेल, कॉम्प्युटर आत कोरड्या खोलीत राहील. नळ्या भिंतीतून न्यायच्या. नळ्यांची टोके दाबून धरायला पितळेचे नट होते, ते प्रशांतने आणले. चांगल्या पाण्यात पितळ टिकते, म्हणून मी हरकत घेतली नाही.

पाण्याबद्दल मी दोघांना समोर बसवून सांगितले. बोअरचे पाणी चालणार नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात किती चुना असतो ते कूलरच्या जाळीवर दिसते. माझ्या खाचा आठवड्यात बुजतील. डीएम पाणी हवे. डीएम म्हणजे ज्यातून सगळे क्षार काढून टाकले आहेत असे पाणी. वीज केंद्राच्या बॉयलरला तेच लागते, त्यासाठी केंद्रात वेगळा प्लांट असतो. जीपच्या रेडिएटरला ते भरपूर लागणार होते.

"त्याची चिंताच नका करू," प्रज्ञा म्हणाली. "मामा आहे ना."

तिचे मामा देवाजी मेश्राम वीज केंद्रात टेक्निशियन आहेत. एकेकाळी माझ्याच हाताखाली होते. केंद्राच्या वसाहतीतल्या अर्ध्या घरांच्या इन्व्हर्टरमध्ये देवाजींनी आणलेले पाणी असते आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. मी फोनवर त्यांना सांगितले: पाणी डीएम प्लांटच्याच नळाचे, परवानगी विचारून, आणि कॅन नवा. देवाजी म्हणाले, साहेब, एवढ्या वर्षांत मले पाणी समजत नाई काय.

जोडणी प्रशांतने केली. मी गेलो नाही. गळतीची चाचणी शेडमध्ये घेऊन दिली होती. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. भर दुपारी यंत्र चालू होते. तिने सांगितलेले पुरेसे होते.

त्यानंतर आठवड्याने तो निळा व्हिडिओ आला.

आता त्या रंगाबद्दल. कंडेन्सरमध्ये पितळेच्या नळ्या असत, हजारोंनी. बॉयलरचे लोखंड गंजू नये म्हणून पाण्यात अमोनिया अगदी मोजून घालतात. तो लोखंडाला राखतो. पण जिथे अमोनिया साचला आणि त्याला हवा मिळाली, तिथे तो तांबे विरघळवतो. तांबे पाण्यात उतरले की असा गडद निळा रंग येतो. तांब्यापुरते हे झिजणे झाले. पितळेचे त्याहून वाईट. ज्या पितळेवर ताण आहे, म्हणजे जे घट्ट आवळलेले आहे, ते अमोनियात झिजत नाही, ते तडकते. वरून काही दिसत नाही आणि एक दिवस फुटते. अशा फुटलेल्या नळ्या बदलण्यात माझ्या वर्कशॉपने कित्येक शटडाउन घालवले आहेत.

प्रज्ञाच्या यंत्रात तांबे होते, आवळलेले पितळ होते, आणि त्या पितळेखाली विजेवर चालणारे कार्ड होते.

व्हिडिओ पाहून मी लगेच तिला फोन केला. यंत्र बंद करा, असे सांगितले. तिने कारण विचारले, मी दिले.

"परवा सकाळी फिल्म द्याची आहे, सर. शेवटचाच भाग उरला. आज बंद केली तं होत नाई."

"फुटले तरी होणार नाही. कार्डही जाईल."

"फुटनच असं तं नाई ना?"

नाही, असे म्हणावे लागले. फुटेल की नाही आणि कधी, हे सांगण्याची सोय नसते. तीच त्या प्रकाराची खोड आहे.

"मंग मी नळ्याइखाली टॉवेल टाकून समोर बसते. थेंब दिसला का बटन बंद करते. तुम्ही येऊन पाहा, मंग सांगा."

हा हट्ट मला पसंत नव्हता. पण घर तिचे होते आणि काम तिचे होते. मी शेडमध्ये गेलो आणि नायलॉनचा रॉड लेथवर चढवून त्याच मापाचे नवे नट काढले. नायलॉनला अमोनियाशी काही देणेघेणे नाही.

सकाळी प्रशांत गाडी घेऊन आला. गाडीच्या आतही निळे दिवे होते. मूल गाव येईपर्यंत तो सांगत होता की व्हिडिओ किती लोकांनी पाहिला. सिंदेवाहीच्या पुढे मी त्याला विचारले, पाणी भरताना वास आला होता का.

"आला होता, सर. लयच तिखट. डोये चुरचुरले."

"मग?"

"मले वाटलं, केमिकल मारलेलं असन. शेवाळ नाई धरावं म्हणून. कंपनीचं कूलंट राहते ना, त्याले बी वास राहते."

डोळे चुरचुरणारे पाणी लाखाच्या यंत्रात ओतताना त्याला एक फोन करावासा वाटला नाही. आठ दिवस रंग चढत गेला. पहिल्या दिवशी नितळ, मग फिकट आकाशी, मग निळे. दर दिवशी त्याने प्रज्ञाकडून त्याचे चित्रण मागवून घेतले. नागभीडला त्याने चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा मी उतरलो नाही. पुढे त्याने गाणी लावली नाहीत.

ब्रह्मपुरीच्या घरात पहिल्याच खोलीत प्रज्ञाची आई खाटेवर होती. तिचा एक हात चालतो. त्या हाताने तिने आतली खोली दाखवली. देवाजी आधीच पोचले होते. साप्ताहिक सुट्टी होती म्हणे. खुर्चीत ताठ बसलेले, आपल्या पाण्याचा अपमान झाला आहे असा चेहरा करून. प्रज्ञा यंत्रासमोर होती. डोळे लाल. पडद्यावर रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव एकेक चौकट करून रंगत होता. तिने मला पूर्वी सांगितले होते की सगळ्यात जड हिशेब पाण्याचा असतो. पाण्यातून उजेड कसा वाकतो ते मोजताना यंत्र सर्वाधिक तापते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात माणसे टँकरमागे धावतात, तिथे बांधल्या जाणाऱ्या तलावाचे खोटे निळे पाणी तयार करण्यासाठी खरे पाणी निळे होत होते.

"कॅन कुठे आहे?" मी देवाजींना विचारले.

कॅन व्हरांड्यात होता. पांढरा, जाड प्लास्टिकचा, लेबल खरवडून काढलेला. वसाहतीत असे कॅन घरोघरी दिसतात. प्लांटमध्ये रसायने येतात, कॅन रिकामे होतात, कोणीतरी ते घरी नेतो. कोणी त्यात पाणी भरतो, कोणी धान्य. इतके मजबूत कॅन बाजारात मिळत नाहीत, असे सगळ्यांचे मत असते.

"मी नवा कॅन सांगितला होता."

"नवाच आहे, साहेब. एकदाच वापरला कंपनीनं. अन् मी तीनदा धुतला."

"पाणी?"

"पाणी डीएम प्लांटचं. मी सोता नळापाशी उभा राहून भरलं. पूर्ण जिल्ह्यात एवढं शुद्ध पाणी नाई."

ते खरे होते. पाण्यात दोष नव्हता. मी बूच उघडले आणि कॅन त्यांच्या नाकापुढे धरला. देवाजींनी मान मागे घेतली. डोळ्यांत पाणी आले.

"हे काय आहे?"

"हा तं..." ते थांबले. "साहेब, एवढा वास तं प्लांटात राहतेच. आम्हाले जाणवत नाई."

अमोनियाचा कॅन होता. जाड प्लास्टिकच्या कानाकोपऱ्यांत आणि बुचाच्या आट्यांत जे उरते ते तीनदा विसळून जात नाही. खाली थोडा साठा राहिलाही असेल. आपल्या भाचीसाठी या माणसाने जिल्ह्यातले सर्वांत शुद्ध पाणी आणले, आणि ते आणण्यासाठी प्लांटने टाकून दिलेली सर्वांत घाण वस्तू निवडली. कारण ती फुकट होती आणि मजबूत होती.

मी आत आलो आणि टॉर्च घेऊन नट पाहिले. ब्लॉकमध्ये पाणी येते त्या बाजूच्या नटावर, आट्यांच्या दिशेला आडवी, केसाएवढी रेघ होती. रेघेच्या कडेला निळसर पूड. रेघेच्या तळाशी ओल. थेंब नव्हता, थेंब व्हायचा होता. त्याच्या बोटभर खाली कार्ड.

मी टॉर्च प्रज्ञाच्या हातात दिली. तिने पाहिले.

"चालू असलेलं चित्र पुरं होऊ द्या," ती म्हणाली. "बाकीचे सेव्ह आहेत. चार वाजेपर्यंत पुन्हा सुरू झालं तं सकाळपर्यंत होऊन जाईन. चारच्या पुढं गेलं तं नाई होत."

चित्र पूर्ण झाले. तिने यंत्र बंद केले आणि खोली एकदम शांत झाली. बाहेरच्या खोलीतून आईने विचारले, झालं काय वो बाई. नाई, थोड्या वेळानं पुन्हा सुरू होते, असे तिने उत्तर दिले.

मी नटाला स्पॅनर लावला. जोर द्यावा लागला नाही. नट स्पॅनरमध्येच दोन तुकडे होऊन आला. दुसराही तसाच. ते तुकडे मी देवाजींच्या समोरच्या स्टुलावर ठेवले. त्यांनी एक उचलला, फुटलेली बाजू बोटाने चाचपली आणि खाली ठेवला. नंतर ते कोणाला काही न विचारता उठले आणि रेडिएटरच्या खाली बादली लावून बसले.

प्रशांतला मी बॅटरीचे पाणी आणायला पाठवले. इन्व्हर्टरच्या दुकानात सीलबंद मिळते ते. एका दुकानात पुरेसे मिळाले नाही, म्हणून गावातली सगळी दुकाने त्याने पालथी घातली. किराणा दुकानातून लिंबूसत आणवले. लिंबूसत आम्ल असते, अमोनियाला मारते. तेही त्याला ठाऊक नव्हते, पण या वेळी त्याने कारण विचारले. ही सुधारणा होती.

आधी लिंबूसताचे पाणी, मग साधे, मग बॅटरीचे. रेडिएटर, नळ्या, पंप, सारे धुतले. झाकण उघडून ब्लॉक पाहिला. खाचांची चमक गेली होती, तांबे काळपट तपकिरी झाले होते, कडा थोड्या खाल्ल्या गेल्या होत्या. पण खाचांमधल्या भिंती उभ्या होत्या. मी त्या जेवढ्या जाड ठेवल्या होत्या त्याहून पातळ ठेवा असे प्रशांतचे म्हणणे होते; इंटरनेटवर तसे दाखवतात. ते ऐकले असते तर त्या दिवशी तिथे भिंती नसत्या.

देवाजी बादल्या वाहत राहिले. निळे पाणी त्यांनी अंगणाच्या कडेला, मोगऱ्याच्या झाडापासून लांब ओतले. एकदा मला म्हणाले, "साहेब, मेमोबिमो नाई ना द्यान?" मी म्हणालो, मी निवृत्त आहे. ते म्हणाले, "तरी पण." मग दोघेही कामाला लागलो.

नायलॉनचे नट बसवले. पाणी भरले. पंप एकटा फिरवून कोरडा कागद सगळ्या जोडांखाली ठेवला आणि वाट पाहिली. कागद कोरडा राहिला. पाणी नितळ होते, पाण्यासारखे.

चारच्या थोडे आधी प्रज्ञाने यंत्र सुरू केले. बाहेर कूलर, आत पंप. पडद्यावर तलावाची पुढची चौकट उमटली. ती खुर्चीत मागे टेकली. मला काही म्हणणार होती, पण मी हत्यारे गोळा करत होतो.

निघताना तिच्या आईने चालत्या हाताने मला थांबवले. काल परवा निळं पाणी छान दिसे, असे ती म्हणाली. आता काऊन पांढरं केलं? मी तिला सांगितले की यापुढे पांढरेच राहील. निळे दिसले तर मुलीला हाक मारायची. "मीच पाहत राहीन मंग," ती म्हणाली. तिच्या खाटेवरून दारातून ब्लॉक सरळ दिसतो.

फिल्म वेळेवर गेली. हैदराबादच्या साहेबांनी ती पसंत केली. प्रज्ञाकडून पुढे कळले की ते त्या दिवशी प्रवासात होते आणि त्यांनी ती मोबाईलवर पाहिली. ज्या तलावासाठी एवढा खटाटोप झाला, तो त्यांना अंगठ्याच्या नखाएवढा दिसला असेल. पण काम तिच्याकडेच राहिले आणि ती ब्रह्मपुरीतच राहिली. जीपचा रेडिएटर मी पुढच्या महिन्यात बदलून दिला. त्याच्या पितळेवर माझा भरवसा उरला नव्हता.

प्रशांतकडे तसल्या निळ्या रंगाची मागणी अजून येते. तो आता बाटलीतला रंग विकतो आणि गिऱ्हाइकाला विचारून टाकतो. तेवढे तो शिकला. पण एक गोष्ट मी नोंदवली पाहिजे. ते झाकण माझ्या म्हणण्याप्रमाणे धातूचे केले असते, तर रंग कोणालाच दिसला नसता आणि नट कार्डावर फुटला असता. तेव्हा झाकण पारदर्शक असावे. मी आता तसेच करतो. दिवे लावत नाही. यंत्रात डोकावण्याची सोय असण्यात चूक नाही. आठ दिवस डोकावून फक्त सुंदर म्हणण्यात चूक आहे.

रिकामा कॅन मी त्या दिवशी गाडीत टाकून आणला. शेडमध्ये त्याच्या बुडाला मोठ्या ड्रिलने चार छिद्रे पाडली, म्हणजे पुन्हा कोणी त्यात पाणी भरणार नाही, आणि देवाजींना परत पाठवला. त्यांनी तो वरून कापला, माती भरली आणि क्वार्टरच्या व्हरांड्यात मिरची लावली. अमोनियात नत्र असते. झाडाला ते मानवते. मिरची जोरदार आली आहे. देवाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवतात आणि सांगतात, डीएमच्या पाण्याचा गुण आहे.